ऑरेंजबर्गची तीन पोरं

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतल्या गोळीबारांच्या याद्या छापून येतात, त्या मी नीट वाचतो. यादी करणारा पंडित बहुतेक १९६६ साली टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबारापासून सुरुवात करतो, नाहीतर थेट १९९९च्या कोलंबाइनपासून. मग सँडी हूक, २०१२. पार्कलंड, २०१८. युव्हाल्डी, २०२२. प्रत्येक ठिकाणी एक माथेफिरू असतो. त्याचं एकटेपण, त्याची आई, त्याची डायरी, त्याचे व्हिडिओ गेम यांवर रकानेच्या रकाने भरतात. मारणाऱ्याचं बालपण आपल्याला तोंडपाठ होतं. मेलेल्या पोरांची नावं विचारा, वाचणारा गप्प.

या यादीत ऑरेंजबर्ग नसतं. जॅक्सन नसतं. का नसतं? कारण तिथं बंदूक धरणाऱ्याच्या अंगावर सरकारी वर्दी होती आणि समोर पडलेली पोरं काळी होती. एवढं साधं गणित आहे.

गैरसमज नको. सँडी हूकच्या वीस लेकरांचं आणि त्यांच्या सहा मोठ्या माणसांचं मरण लहान आहे असं म्हणणारा माणूस माणूस नव्हे. पहिलीच्या वर्गातली पोरं ती. मला मरणांची तागडी लावायची नाही. मला विचारायचंय ते हे की यादी कोण बनवतो? व्याख्या कोण ठरवतो?

परवा अभ्यासवर्गात एक दोस्त म्हणाला, "अरे, ते स्कूल शूटिंग नव्हेच. ती पोलिस फायरिंग. दोन्ही वेगळं." तो हुशार आहे, वाचतो, म्हणून त्याच्याशी भांडण्यात मजा येते. मी म्हटलं, जागा कॉलेजची, मेलेले विद्यार्थी, अंगात घुसलं ते शिसं. मग वेगळं काय? शिशाला वर्दी कळते का? तर म्हणे, "हेतू वेगळा." हेतू! आयला, राज्यसंस्थेनं मारलं की ते 'परिस्थिती हाताबाहेर गेली' आणि एकट्यादुकट्यानं मारलं की हत्याकांड. ही वाटणी करणारी भाषा आपली नाही. ती आपल्याला शाळेत शिकवलेली आहे.

तर ऑरेंजबर्ग. दक्षिण कॅरोलायना राज्यातलं एक गाव. तिथं साउथ कॅरोलायना स्टेट हे काळ्यांचं सरकारी कॉलेज. गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्यांना घ्यायचं नाही म्हणून राज्यानं वेगळं काढून दिलेलं. गावकुसाबाहेरची शाळाच म्हणा. या कॉलेजपासून जवळच एक बोलिंग अ‍ॅली होती. लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळवून दहा खुंट्या पाडायच्या, असला तो खेळ. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक जागी रंग बघून माणसाला हाकलता येणार नाही, असा कायदा. पण या बोलिंग अ‍ॅलीचा मालक म्हणायचा, माझी जागा खाजगी आहे, कायदा मला लागू नाही. १९६८ उजाडलं तरी काळ्या पोरांना दार बंद.

कुणी म्हणेल, खेळायची जागाच ना ती? पोट मारलं का कुणाचं? महाडच्या तळ्यावर गेलेल्यांच्या नातवंडांनी तरी हा प्रश्न विचारू नये. तहान घरीही भागते. प्रश्न ओंजळीचा असतो.

५ फेब्रुवारी १९६८ला पोरं त्या अ‍ॅलीत गेली. हाकलली. ६ तारखेला पुन्हा गेली. पंधरा जणांना अटक झाली, काचा फुटल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्यातून मुलीही सुटल्या नाहीत. मुलींच्या डोक्यात बसलेल्या त्या लाठ्यांनी कॉलेज पेटलं. ७ला विद्यार्थ्यांनी गावच्या कारभाऱ्यांपुढे मागण्या ठेवल्या. राज्याच्या गव्हर्नरनं, रॉबर्ट मॅकनेअर त्याचं नाव, नॅशनल गार्ड आणि हायवे पेट्रोल म्हंजे राज्याचे पोलिस गावात आणून ठेवलेच होते. ८ला, गुरुवारी रात्री, पोरांनी कॉलेजच्या तोंडाशी शेकोटी पेटवली. थंडी होती आणि राग होता. शेकोटी विझवायला बंब आला, बंबाच्या रक्षणाला पोलिस आले. कुणीतरी फेकलेला जिन्याच्या कठड्याचा लाकडी तुकडा एका पोलिसाच्या तोंडावर बसला. तो खाली पडला. त्यानंतर काही मिनिटांनी, रात्री साडेदहाच्या सुमाराला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा सेकंदांच्या आसपास सगळा खेळ. बंदुकांत भरलेली काडतुसं कसली होती? हरणाच्या शिकारीला वापरतात त्या जाड छऱ्यांची.

तिघं मेले. सॅम्युएल हॅमंड आणि हेन्री स्मिथ हे कॉलेजातले. डिलानो मिडलटन तर हायस्कुलातला, सतरा वर्षांचा. त्याची आई त्या कॉलेजात कामाला होती. तिघंही विशीच्या आतले. जखमी पंचविसाच्या वर. आणि आता हे नीट ऐका: बहुतेकांना छरे लागले ते पाठीत, कुशीत, तळपायांत. तळपायात छरा कधी बसतो? माणूस पळत असतो तेव्हा, नाहीतर जमिनीवर पालथा पडून जीव वाचवत असतो तेव्हा. अंगावर चाल करून येणाऱ्याच्या तळपायात छरा बसत नाही. डॉक्टरांनी जखमा तपासल्या तेव्हाच सगळा खटला संपायला पाहिजे होता.

पण खटला जखमांवर चालत नाही, दोस्तांनो, तो बातमीवर चालतो. आणि बातमी रातोरात तयार झाली होती. मोठ्या वृत्तसंस्थेनं देशभर कळवलं की दोन्हीकडून गोळीबार झाला. दोन्हीकडून! पोरांकडे होत्या विटा, बाटल्या, लाकडं. सकाळी साऱ्या अमेरिकेनं चहाबरोबर वाचलं की काळ्या विद्यार्थ्यांनी पोलिसांवर गोळ्या झाडल्या. त्याच आठवड्यात व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला पेटलेला, पहिल्या पानावर जागाही नव्हती. गव्हर्नर साहेबांनी दुःख व्यक्त केलं आणि दोष दिला कुणाला? 'ब्लॅक पॉवर'वाल्यांना. बाहेरून येऊन चिथावणी देणाऱ्यांना. हे वाक्य आपल्याला नवीन नाही. पोरं आपल्या डोक्यानं विचार करतात हे सत्ताधाऱ्याला पटतच नाही, त्याला कायम कुणीतरी बाहेरचा लागतो.

हा बाहेरचा म्हंजे क्लीव्हलँड सेलर्स. गंमत बघा, हा बाहेरचा माणूस जन्मला डेन्मार्क गावात, म्हंजे ऑरेंजबर्गपासून हाकेच्या अंतरावर. एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचा तो कार्यकर्ता. १९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करायला जीव मुठीत घेऊन फिरलेला. त्या रात्री त्यालाही गोळी लागली. हॉस्पिटलात गेला तिथंच त्याला अटक केली.

इथं आपला धागा जुळतो तो सांगतो. एसएनसीसीच्याच पोरांनी अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात काळ्यांचा स्वतंत्र पक्ष उभा केला आणि त्याची निशाणी घेतली काळा पँथर. तिथून तो पँथर १९६६ साली ओकलंडला गेला आणि ब्लॅक पँथर पार्टी झाली. ओकलंडहून तो १९७२ साली मुंबईत आला. आपण नाव घेतलं ते असं हातोहात आलंय. तेव्हा ऑरेंजबर्ग ही आपल्यासाठी परदेशची बातमी नाही. ज्यांचं नाव घेतो त्यांच्या मयताला आपण जाणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता न्याय बघा. नऊ पोलिसांवर केंद्र सरकारनं खटला भरला. १९६९ साली नऊच्या नऊ निर्दोष सुटले. सेलर्सवर खटला चालला १९७० साली. त्या रात्रीचं काही सिद्ध करता येईना, तेव्हा दोन रात्री आधीच्या, बोलिंग अ‍ॅलीपुढच्या प्रकरणावरून त्याला दंगलीचा गुन्हेगार ठरवलं. सात महिने तुरुंगात काढले त्यानं. म्हंजे तीन पोरं मेली, पंचविसावर जखमी झाली, त्याबद्दल तुरुंगात गेलेला एकमेव माणूस कोण? तर गोळी खाल्लेला. १९९३ साली राज्यानं त्याला माफ केलं. माफ! त्याची नोंद पुसून टाकायची सोय होती. त्यानं पुसू दिली नाही. मानाचं पदक म्हणून राहू दे म्हणाला. पुढं तो विद्यापीठात आफ्रिकी-अमेरिकी विषय शिकवू लागला आणि शेवटी आपल्या गावच्या वूरहीज कॉलेजचा अध्यक्ष झाला. कलंक पुसून न घेता वर गेलेला माणूस मला नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि ती बोलिंग अ‍ॅली? गोळीबारानंतर लवकरच कोर्टानं सांगितलं की कायदा हिला लागू आहे, काळ्यांना प्रवेश द्या. जी गोष्ट तीन मुडद्यांनंतर महिन्याभरात होऊ शकली, ती आधी होऊ शकत नव्हती का?

दोन वर्षांनी केंट आलं. हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. ४ मे १९७०, ओहायो राज्य, केंट विद्यापीठ. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं, नॅशनल गार्डनं तेरा सेकंदांत साठाहून जास्त गोळ्या झाडल्या, चार गोरी पोरं मेली, नऊ जखमी. गुडघ्यावर बसून हात पसरून किंचाळणाऱ्या मुलीचा तो फोटो जगभर गेला, त्याला पुलित्झर मिळालं. गाणी झाली. देशभर कॉलेजं बंद पडली. हे व्हायलाच पाहिजे होतं, माझं काही म्हणणं नाही.

पण अकराच दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट कॉलेजात काय झालं? हेही काळ्यांचं कॉलेज. त्याच्या मधून जाणारा रस्ता लिंच स्ट्रीट. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण ते आहे जॉन लिंच या मिसिसिपीतून काँग्रेसवर गेलेल्या पहिल्या काळ्या प्रतिनिधीचं. त्या रस्त्यानं गोरे मोटारी हाकत जायचे आणि पोरांना छेडत जायचे. १४ मेची रात्र उलटून १५ तारीख लागली, तेव्हा शहर पोलिस आणि राज्य पोलिस मुलींच्या वसतिगृहासमोर, अलेक्झांडर हॉलसमोर, उभे होते. एक बाटली फुटल्याचा आवाज झाला म्हणतात. मग अठ्ठावीस सेकंद गोळीबार. चारशेच्या वर गोळ्या आणि छरे. मुलींच्या वसतिगृहावर. दोन मेले, बारा जखमी. फिलिप गिब्ज, एकवीस वर्षांचा, घरी दीड वर्षाचं मूल आणि बायको पुन्हा पोटुशी. जेम्स ग्रीन, सतरा वर्षांचा, हायस्कूलचा विद्यार्थी, किराणा दुकानातलं काम आटपून घरी चालला होता. तो तर निदर्शनातही नव्हता. रस्त्याच्या पलीकडे होता, पोलिसांच्या पाठीमागच्या बाजूला.

पोलिस म्हणाले, वरच्या मजल्यावरून कुणी आमच्यावर गोळी झाडली. त्याला पुरावा कधी उभा राहिला नाही. निक्सननं नेमलेल्या स्क्रँटन आयोगानं केंट आणि जॅक्सन दोन्हीची चौकशी केली आणि जॅक्सनचा गोळीबार असमर्थनीय ठरवला. मग शिक्षा? एकालाही नाही. केंटच्या पीडितांना खूप झगडल्यावर १९७९ साली ओहायो राज्याकडून ६ लाख ७५ हजार डॉलर आणि सह्यांनिशी खेदाचं पत्र तरी मिळालं. जॅक्सनच्या घरांना कोर्टातून छदाम मिळाला नाही.

फोटो नव्हता, असं काहीजण कारण देतात. ऑरेंजबर्गला रात्र होती, जॅक्सनला रात्र होती, म्हणून जग हललं नाही म्हणे. काही अंशी खरं असेल. पण जॅक्सनच्या त्या इमारतीवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. भिंतच फोटो होऊन उभी आहे. बघायला कोण गेलं?

आणखी एक जागा सांगतो, कारण 'पोलिस फायरिंग वेगळं' म्हणणाऱ्या माझ्या दोस्ताला ती दाखवायची आहे. युव्हाल्डी, टेक्सास. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाची. २४ मे २०२२ला रॉब प्राथमिक शाळेत एक अठरा वर्षांचा पोरगा बंदूक घेऊन घुसला. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मेल्या. या वेळी मारणारा वर्दीतला नव्हता. वर्दीतले बाहेर होते, ३७६ जण! आणि वर्गात जायला त्यांना सत्त्याहत्तर मिनिटं लागली. आत पोरं फोन करत होती, बाहेर पोलिस आईबापांना अडवून धरत होते. ऑरेंजबर्गला एका लाकडाच्या तुकड्यानंतर काही मिनिटांत बंदुका चालल्या. इथं सव्वा तासानंतरही पाय उचलेना. कुणापुढं राज्याचा हात शिवशिवतो आणि कुणासाठी तो लुळा पडतो, हे दोन्ही एकाच वहीत लिहा.

या रॉब शाळेला जुना इतिहास आहे. १९७० साली, केंट-जॅक्सनच्याच वसंत ऋतूत, तिथल्या एका मेक्सिकन-अमेरिकन शिक्षकाला शाळेनं पुन्हा कामावर घेतलं नाही, म्हणून गावातली शेकडो मेक्सिकन पोरं सहा आठवडे वर्ग सोडून बाहेर बसली. मागण्या काय? आमच्या भाषेत शिकवा, आमचे शिक्षक नेमा. बाहेर बसलेल्यांना वर्ष फुकट घालवून शिक्षा केली. त्याच शाळेत बावन्न वर्षांनी त्या पोरांची नातवंडं शोभतील अशा वयाची लेकरं मारली गेली. शाळा नावाच्या जागेत आपल्या लेकरांना कोणत्या भरवशावर पाठवायचं, हा प्रश्न तिथं एका दिवसात तयार झालेला नाही.

परिणामांचं म्हणाल तर मेलेल्यांच्या पलीकडे ते फार लांब जातात. छरे अंगात घेऊन म्हातारे झालेले लोक आहेत. जॅक्सनला १९७० सालचा पदवीदान समारंभच रद्द झाला, पदव्या टपालानं घरी गेल्या. त्या वर्गाला टोपी-झगा घालून पदवी मिळाली ती २०२१ साली, सत्तरी उलटल्यावर. गिब्ज आणि ग्रीनला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि शहराच्या महापौरानं माफी मागितली. ऑरेंजबर्गची माफी २००३ सालची. गव्हर्नर सॅनफर्ड म्हणाला की नुसता खेद नाही, माफी मागतो. पस्तीस वर्षं लागली. त्याच्या आधी २००१ साली हॉजेस नावाच्या गव्हर्नरनं स्मृतिसभेला येऊन खेद व्यक्त केला होता, तोवर एकाही गव्हर्नरला ती वाट सापडली नव्हती.

माफीची मला चीड नाही. म्हाताऱ्या आईला मरण्याआधी माफी ऐकायला मिळाली तर तिचं मोल मी कोण ठरवणार? पण माफी मागणाऱ्याला एक विचारायला हवं: चौकशी कुठाय? साउथ कॅरोलायना राज्यानं त्या रात्रीची स्वतःची अधिकृत चौकशी कधी केलीच नाही. विधिमंडळात मागणी झाली. सेलर्सचा मुलगा आमदार झाला, त्यानंही प्रयत्न केले. चौकशी न करता मागितलेली माफी म्हंजे नेमकी कशाबद्दलची? गोळ्या कुणी झाडायला सांगितल्या, की कुणी सांगितल्याच नाहीत आणि आपोआप सुटल्या, हे राज्याच्या कुठल्याच कागदावर नाही. ज्या गुन्ह्याचा कागद नाही त्याची माफी मागणं फार सोपं असतं.

कॉलेजनं मात्र आपल्या पोरांना सोडलं नाही. तिथल्या खेळाच्या मोठ्या हॉलला तिघांची नावं आहेत, स्मिथ-हॅमंड-मिडलटन. २०२२ साली ब्राँझचे अर्धपुतळे बसवले. दर ८ फेब्रुवारीला सभा होते. आणि त्याच कॉलेजचं सरकार काय करतं? २०२३ साली केंद्रातल्या शिक्षण आणि शेती खात्याच्या दोघा मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. काळ्यांच्या जमीन-अनुदानित कॉलेजांना तुम्ही तीस-पस्तीस वर्षांत १२ अब्ज डॉलरांहून जास्त कमी पैसे दिलेत, असा हिशेब त्यांत होता. साउथ कॅरोलायना त्या सोळांत आहे. पुतळ्यापुढं मान झुकवायची आणि मागच्या दारानं प्रयोगशाळेचे पैसे कापायचे. पुतळ्यांचं हे राजकारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, आपण त्यात पीएचडी आहोत.

म्हणून अभ्यासवर्गातल्या दोस्ताला मी सांगितलं की तुझी व्याख्या तू बदल, नाहीतर पुढच्या बैठकीत टिपण घेऊन ये आणि उभा राहून सिद्ध कर. तो टिपण आणणार आहे. आणू दे. येत्या ८ फेब्रुवारीला आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर पाच नावं लागतील, ऑरेंजबर्गची तीन आणि जॅक्सनची दोन. शेजारी जखमा कुठं कुठं झाल्या ते लिहायचं ठरलंय: पाठ, कूस, तळपाय. मॅकनेअरचं ते बाहेरच्या चिथावणीखोरांचं म्हणणंही खाली लिहायचं का, यावर अजून वाद चालू आहे. मी म्हणतो लिहायचं, आणि त्याच्या पुढं सेलर्सच्या गावापासून ऑरेंजबर्ग किती मैलांवर आहे तेही लिहायचं.